चिंधी कोणाची?

ज्येष्ठ वद्यात श्रीज्ञानोबाराय आणि श्रीतुकोबाराय यांच्या पालख्या पुण्यनगरीत येतात. आमच्या नारायण पेठेच्या कडेने लक्ष्मी रस्ता जातो. त्या रस्त्याने दिंड्यांमागून दिंड्या नाना पेठेकडे, भवानी पेठेकडे निघाल्या म्हणजे पेठेतली माणसे घरे उघडी टाकून रस्त्यावर येतात. ज्यांना पंढरीपर्यंत चालवत नाही त्यांची वारी ती तेवढीच, पाच-सहा तास उभे राहण्याची. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आमचीही वारी तशीच चालली आहे.

त्या गर्दीत आमच्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडली. गोष्ट वीतभर चिंधीची आहे. परंतु त्या चिंधीने आम्हांस निरुत्तर केले, म्हणून ती वाचक वारकऱ्यांपुढे ठेवीत आहोत. कोणी म्हणेल, एवढ्याशा चिंधीवरून इतकी पाने कशाला खर्ची घालावीत? त्याने शेवटपर्यंत वाचावे आणि मग म्हणावे.

मुंजाबाच्या बोळापासून जवळच एका जुन्या वाड्यात एक आजी राहतात. पेठेतले वाडे एकेक करून गेले, त्यांच्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती आल्या. हा वाडा मात्र भाऊबंदकीमुळे म्हणा किंवा पांडुरंगाच्या कृपेने म्हणा, अजून उभा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पेठेत पाणी शिरले तेव्हा आजी लहान होत्या. घरातले सगळे कापड चिखलात गेले आणि आईने पुढची दोन वर्षे मिळेल त्या तुकड्यांच्या गोधड्या शिवून मुले पांघरली, असे त्या सांगतात. सुईदोऱ्याचा नाद त्यांना तिथून लागला. पुढे तेवीस वर्षे वारी केली. ती बंद पडल्यावर त्यांनी दरसाल एक नेम धरला. आपल्या दिंडीच्या वीणेकरीबुवांसाठी चिंध्यांचे एक उपरणे करावयाचे आणि दिंडी लक्ष्मी रस्त्यावर आली की स्वतःच्या हाताने बुवांच्या गळ्यात घालावयाचे. पाय जात नाहीत तर निदान हातांनी केलेले तरी पंढरीला जावो, एवढाच हेतू.

हे उपरणे कसे होते ते सांगितल्यावाचून पुढची गोष्ट नीट कळणार नाही. बोळाच्या तोंडाशी एका शिंपीदादांचे दुकान आहे. ते वर्षभराचे कातरण पिशवीत भरून ठेवतात आणि चैत्रात आजींकडे पाठवून देतात. आजी प्रथम ते सगळे मिठाच्या पाण्यात भिजवून धुतात, कारण नव्या लाल-निळ्या कापडाचा रंग शेजाऱ्याला लागतो. मग निवड करावयाची. जाड जाडात, पातळ पातळात. खाली अस्तराला जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर घ्यावयाचे. त्यावर तुकडे मांडावयाचे, प्रत्येक तुकड्याची कड नखाने आत दुमडावयाची, कच्चा टाका घालावयाचा आणि मग कडेकडेने आत येत बारीक धावदोरा. दोरा मेणातून ओढून घेतला की गुंतत नाही. तुकड्यांच्या जोडावर कुठे गहू टाका, कुठे साखळी टाका. दोन्ही टोकांना उरलेल्या दोऱ्यांचे गोंडे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच चिंध्यांच्या कवंदी शिवतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडीचे त्रिकोणी फूल लावतात. फूल लावल्याशिवाय कवंदी नागडी राहिली असे मानतात. आजींचे गोंडेही तसेच. गोंडा लागल्याशिवाय उपरणे कोणाला दाखवावयाचे देखील नाही.

आणखी एक नियम त्या पाळीत. सुताबरोबर रेशीम शिवावयाचे नाही. पहिल्या धुण्यालाच एक आटते, दुसरे फुगते आणि टाके ओढले जातात.

त्या साली पिशवीतून एक रेशमी पट्टी निघाली. वीतभर लांब, चार बोटे रुंद, इरकली लुगड्याच्या पदराची. इरकलीचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी. दोन्हींच्या ताण्याचे दोरे एकमेकांत अडकवून ते लुगडे सलग विणतात, त्याला टोपेतेनी म्हणतात. लालभडक जमिनीवर पांढरे दाते, एकदा पाहिले की विसरत नाही असे काम. आजींचा नियम त्या पट्टीपुढे टिकला नाही. त्यांनी ती उपरण्याच्या अगदी मध्यावर, बुवांच्या छातीवर येईल अशी बसवली आणि बाकी सगळे तुकडे तिच्या भोवतीने मांडले. आम्ही तयार उपरणे पाहिले होते. खोटे कशाला बोला, इतके देखणे उपरणे त्यांच्या हातून पूर्वी झाले नव्हते.

दिंडी आली. आजींनी उपरणे घातले. टाळकऱ्यांनी गजर केला. लोक वीणेकऱ्यांच्या पाया पडू लागले. त्यांत त्याच वाड्यातल्या एक बाई होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्या वाकल्या, उठल्या आणि उठता उठता त्यांची नजर बुवांच्या छातीवर गेली ती तिथेच राहिली. त्यांच्या आईचा पदर होता तो.

हकीगत अशी. बाईंच्या मातोश्री आदल्या वर्षी वारल्या. त्यांचे एकच इरकली लुगडे राहिले होते. ते नातीला परकर-पोलके शिवण्यासाठी बाईंनी शिंपीदादांकडे दिले आणि निक्षून सांगितले की, उरलेला दोरा देखील मला परत पाहिजे. परकर आला, पोलके आले. ‘काही उरले का?’ म्हणून विचारले तेव्हा दादा म्हणाले, ‘काही नाही उरले.’

बाई रस्त्यावर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी आजींकडे गेल्या. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. दिवेलागणीला आजी काठी टेकीत आमच्या दारी आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, ‘अहो, चोरीचे लेणे वीणेच्या गळ्यात घातले की हो मी.’

आम्ही प्रथम शिंपीदादांकडे गेलो. रागावूनच गेलो. ते मशीन थांबवून म्हणाले, ‘बुवा, चार बोटांच्या पट्टीला कुणी उरलं म्हणतं का? उरलं म्हणजे ज्याची बाही होईल, निदान गळ्याची पट्टी होईल ते. बाकी कातरण. माझ्या आजोबांच्या वेळेपासून कातरण दुकानाचं. मी ते विकत नाही, आजींना देतो, देवाला जातं. यात माझं काय चुकलं?’

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. जुन्या गावगाड्यात अलुत्यांच्या यादीत शिंपी येतो. ज्याच्या त्याच्या धंद्यातली काही किरकोळ वस्तू ज्याच्या त्याच्याकडे राहावी अशी वहिवाट होती आणि त्या वहिवाटीवर म्हणींतून टोमणेही होते. सोनाराच्या पंक्तीला शिंप्याला बसवणारी म्हण वाचकांना माहीत आहेच. आम्हांस ती म्हण कधी आवडली नाही. ज्या कुळात नामदेवराय जन्मले त्या कुळाविषयी तोंड सांभाळून बोलावे. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, आणि त्यांत गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची हत्यारे त्यांनी नामस्मरणाच्या कामाला जुंपली आहेत. तेव्हा दादांना चोर म्हणण्यास आमची जीभ रेटेना. परंतु त्यांना ‘दोरा देखील’ असे सांगितले होते, हेही खरे. त्यांनी ते ऐकले होते आणि कानाआड केले होते.

दुसऱ्या दिवशी पालख्यांचा पुण्यात मुक्काम असतो. आजींनी रिक्षा केली, पिशवीत कात्री आणि सुईदोरा घेतला आणि आम्हांस बरोबर घेऊन नाना पेठेत दिंडी उतरली होती तेथे गेल्या. बाईही आल्या. वीणा खाली ठेवावयाची नसते, म्हणून बुवांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि आमच्यापुढे येऊन बसले. उपरणे अंगावर होतेच. आजींनी सगळे सांगितले आणि पट्टी उसवून देण्याची परवानगी मागितली.

बुवा म्हणाले, ‘माउली, हे आता माझं नाही आणि तुमचंही नाही. वीणेला लागलं, पांडुरंगाचं झालं. दिलेलं दान उसवता येतं का?’ आणि त्यांनी नामदेवरायांची गोष्ट काढली. वडिलांनी बाजारात विकण्यास दिलेले कापड नामदेवांनी थंडीने कुडकुडणाऱ्या दगडांना पांघरले, एक धोंडाच जामीन म्हणून घरी आणला, आणि त्या धोंड्याचे सोने झाले. ‘ते कापड तरी कुठं नामदेवांचं होतं? बापाचंच होतं ना!’

आम्हांस हे पटले. आम्ही त्यावर कडी केली. आम्ही जनाबाईंची कथा सांगितली. महिपतीबोवांनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ती आहे. देव जनीकडे रात्री आले, पहाटे काकड्याच्या घाईत आपला शेला आणि गळ्यातले पदक तिथेच विसरले आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभे राहिले. पुजाऱ्यांनी पाहिले तो देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ! आम्ही बाईंना म्हणालो, देवाला चिंधीचा विटाळ नाही, त्याला भाव पाहिजे. तुमच्या आईचा पदर पंढरीला जातो आहे, याहून तिची सद्गती कोणती?

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘जनीची वाकळ जनीची होती हो.’

एवढेच. आम्ही गप्प बसलो.

घरी आल्यावर आम्ही ती कथा पुन्हा मनात चालवून पाहिली. इतकी वर्षे कीर्तनांत ती ऐकली, चार ठिकाणी सांगितली, आणि दरवेळी वाकळीपाशी येऊन डोळे पुसले. पुढे काय होते? पदक नाहीसे झाले म्हणून ओरड होते. ते जनीच्या घरी सापडते. तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि तिला सुळाकडे नेतात. सुळाचे पाणी होते, ती सुटते. म्हणजे सबंध कथा उभी आहे ती एकाच प्रश्नावर, कोणाची वस्तू कोणाकडे? जनीने पदक घेतले नव्हते, देवाने ठेविले होते. आणि देवाने वाकळ नेली ती जिने शिवली, जिने पांघरली, जिची होती तिच्याकडून नेली. जनीने दुसऱ्याच्या घरचे ठिगळ तिला लावले असते तर सुळाचे पाणी झाले असते काय? कथेला हा प्रश्न विचारावयाचा नसतो हे आम्ही जाणतो. परंतु दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी जो कथा सांगतो त्याने तरी तो स्वतःस विचारला पाहिजे होता.

बुवांच्या गोष्टीचेही तसेच. नामदेवांनी कापड दगडांना दिले हे आपण भक्तिभावाने ऐकतो. पण दामाशेटींनी हिशोब मागितला आणि तो चुकता झाला, हे त्याच गोष्टीत आहे. धोंड्याचे सोने झाले ते काही चमत्काराच्या हौसेने नव्हे. बापाचा माल गेला होता, त्याचे मोल घरी येणे भाग होते. देवाने स्वतः किंमत मोजली. आमच्या उपरण्यात किंमत कोणी मोजली होती? पट्टी बाईंची, टाके आजींचे, पुण्य आम्हां सर्वांचे.

चिंध्यांचे वस्त्र हे वैराग्याचे वस्त्र, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानतात. नाथपंथी जोगी कंथा पांघरीत. भगवान बुद्धांच्या भिक्षूंचे चीवरही तुकड्यांचे. मगध देशातली बांध घातलेली भातखाचरे पाहून त्या नमुन्याने आनंदाने चीवर बेतले, असे विनयपिटकात आहे. कापलेल्या कापडावर चोराचा डोळा जात नाही, हाही त्यात एक हेतू होता. परंतु आम्हांस त्या नियमांतली दुसरीच गोष्ट लागू वाटली. भिक्षूने तुकडे कोठले घ्यावयाचे? धुळीत पडलेले, उकिरड्यावरचे, स्मशानातले. त्यास पांसुकूल म्हणतात. तात्पर्य, ज्यावर कोणाचाही हक्क राहिला नाही आणि कोणाचा जीव गुंतलेला नाही असे कापड. सर्वसंगपरित्याग केलेल्यांना देखील चिंधी उचलताना एवढे पाहावे लागे, मग प्रपंचात राहून देवाला उपरणे करणाऱ्यांनी पाहू नये काय?

आम्ही चिंधी म्हणतो ती कोणाच्या दृष्टीने? दादांच्या गजाने मोजले तर ती कातरण होती. आजींच्या डोळ्यांना ती शोभा होती. बाईंना ती आईच्या खांद्यावरची जागा होती, जिथे लहानपणी डोके टेकले. एकाच वीतभर पट्टीची ही तीन मोजमापे, आणि तिघांतला कोणी लबाड नव्हे. म्हणूनच ज्याची वस्तू त्याला विचारावे लागते. न विचारता आपले मोजमाप दुसऱ्याच्या वस्तूला लावणे यात चोरीचे बीज आहे, मग आपण ती देवाला दिली काय आणि विकून खाल्ली काय. देवाला दिली म्हणजे उलट सोयीचे होते. हिशोब मागणाऱ्यालाच लोक कोते ठरवतात. वाड्यात तसे झालेही. ‘एवढीशी चिंधी, आणि तीही विठ्ठलाच्या कामी लागलेली!’ असे बाईंना ऐकावे लागले. त्या दिवशी नाना पेठेत आम्हीच तसे म्हटले होते, तेव्हा इतरांस कोणत्या तोंडाने बोल लावावा?

आता आजींविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती त्यांनीच लिहा म्हणून सांगितले आहे. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, ‘मला कळलं होतं. असला तुकडा कातरणात येत नाही. पिशवीतून निघाला तेव्हाच मनात आलं, दादांना विचारावं, कुणाचा? मग वाटलं, विचारलं तर तो जाईल. म्हणून नाही विचारलं. देवाला द्यायचाय ना, म्हणून मनाला गप्प केलं.’ पुढे थोडे थांबून, ‘आणि पेठेत सगळ्यांनी वा म्हणावं, हेही होतंच की.’

हे ऐकून आम्ही त्यांना मनोमन नमस्कार केला. परद्रव्याचा विटाळ धरावा हे माळ घालतानाच आपल्याला सांगितलेले असते. ते आपण रुपयांना लावतो, जमिनीला लावतो. सुंदर वस्तू हाताशी आली आणि ती देवाच्या कामाची असली म्हणजे लावीत नाही. द्रौपदीने भगवंताच्या बोटाला चिंधी बांधली ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. सुभद्रेला घरात चिंधी सापडेना आणि द्रौपदीने अंगावरचा भरजरी पीतांबर फाडला. ती चिंधी कातरणातली नव्हती. चांगल्या वस्त्राची तिने चिंधी केली, आणि वस्त्र तिचे होते.

पट्टीचे काय झाले? बुवांचे म्हणणे पूर्ण पटले नव्हते, तरी त्यांनी उपरणे गळ्यातून काढून आजींपुढे ठेवले. आजींनी तिथेच बसून टाके उसवले. मेणाचा दोरा, बारीक टाका, फार वेळ लागला. दिंडीतल्या बायका भोवती येऊन बसल्या होत्या, कोणी काही बोलले नाही. पट्टी निघाली तेव्हा रेशमाला सुईची भोके पडलेली दिसत होती. आजींनी ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी घडी घालून पिशवीत ठेवली. आम्हांस मनातून वाटत होते की, आता बाई ती परत देतील आणि म्हणतील, घ्या, माझ्या हाताने विठ्ठलाला. तसे झाले नाही. त्यांनी आजींच्या पायांवर डोके ठेवले आणि पट्टी घरी नेली. यावरून त्यांची भक्ती कमी ठरते असे आता आम्हांस वाटत नाही. मागणाऱ्याने मोकळ्या मनाने मागावे, म्हणजे देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक राहते. त्या मोकळिकीवाचून ‘हो’ला तरी काय अर्थ?

मध्यावरची ती जागा आजींनी आपल्या नेसत्या लुगड्याच्या काठातून वीतभर कापून भरली. साधा हिरवा काठ, उजळ नव्हे, थोडा विटलेला. सुतावर सूत बसले. बुवा ते घालून पंढरीस गेले.

त्यानंतर आजींनी कातरणाची पिशवी घेणे सोडले. दादांनाही काही लागले असावे. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुडक्यात त्याचे कातरण बांधून देतात, मग कोणी ते बोळातच टाकून जाईना का. आजी चैत्र लागला की काठी घेऊन घरोघर जातात आणि विचारतात, ‘बाई, उपरण्याला एखादा तुकडा देतेस का? कुणाचा, ते सांगून दे.’ कोणी बारशाच्या कुंचीचा देते, कोणी नवऱ्याच्या सदऱ्याचा. कोणी नाही म्हणते. शिक्षिकाबाईंकडेही त्या जातात. पहिल्या वर्षी बाईंनी आपल्या स्वतःच्या खणाच्या चोळीचा तुकडा दिला, आईचे काही दिले नाही, आणि आजींनी मागितलेही नाही.

अशाने तुकडे कमी जमतात आणि वेळ फार जातो. प्रत्येक घरी बसावे लागते, कापडाची कथा ऐकावी लागते, चहा घ्यावा लागतो. यंदाचे उपरणे आषाढीला पुरे झाले नाही. दोन्ही टोकांचे गोंडे राहिले आहेत. बुवांना निरोप धाडला आहे की, कार्तिकीला मिळेल.